वळकटीवर बसलेला कुत्रा

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात आमचे हे पकडले गेले, तेव्हा मुलगी नुकती रांगायला लागली होती. लालबागच्या चाळीत आमची एकच खोली. ह्यांनी गिरणीच्या दारातून उचलून आणलेला कुत्रा आता चांगला मोठा झाला होता. हे तुरुंगात गेले त्या दिवसापासून तो त्यांच्या वळकटीवर जाऊन बसला. कुणी जवळ गेलं की गुरगुरायचा.

मी त्याला लाटण्याने दोन तडाखे दिले. गुरगुर थांबली. वाटलं, सुधारला. दुसऱ्या दिवशी वळकटी झटकायला हात घातला, तर आवाजही न करता त्याने मनगट धरलं. रक्त आलं नाही, पण दात उमटले. गुरगुरत होता तेच बरं होतं. निदान आधी सांगत तरी होता.

शेजारची मालवणी मावशी म्हणाली, "म्युन्सिपाल्टीच्या गाडयेत घाल गो त्याका."

"हे सुटून आल्यावर काय सांगू?"

"आणि चेडवाक चावलो तर काय सांगतलंस?"

मी पोरीला उचलून कडेवर घेतलं.

त्याच दुपारी मी शेगडीपाशी असताना पोर रांगत वळकटीकडे निघाली. वळून पाहिलं तर दोघांत हातभर अंतर. कुत्रा ताठ, डोळे तिच्यावर, तोंडातून आवाज नाही. ओरडले असते तर त्याने झडपच घातली असती. मी तव्यावरचा सुका बांगडा उचलून गॅलरीत भिरकावला. तो हलेना. मग उठला, बाहेर गेला. मी दाराला कडी घातली आणि पोरीला घट्ट धरून तिथेच बसले.

मारणं मी त्या दिवशीच सोडलं. बाहेरून आला की त्याला वळकटीजवळच्या खिडकीच्या गजाला बांधायचं, पोरीला मावशीकडे ठेवायचं, लांबून भाकरीचा तुकडा टाकायचा आणि मागे फिरायचं. गुरगुरला तर तिथेच थांबायचं. रोज वीतभर पुढे. ही येते ती काही हिसकावून घेत नाही, हे त्याला पटायला तीन आठवडे गेले. मग एके सकाळी शेपूट हलवत तो स्वतःच वळकटीवरून उतरला. ती मी उचलून उन्हात टाकली. तो नुसता बघत राहिला.

हे सुटून आले तेव्हा कुत्रा त्यांच्या पायांत लोळला.

"किती गरीब आहे बघ," हे म्हणाले.

"असू दे. पण पोर जेवायला बसली की त्याला बांधायचं."

ह्यांना ते आवडलं नाही. पण बांधायचे.