बारावा कप्पा

पंधरा नोव्हेंबर, शनिवार. जिना पुसायची पाळी आमची होती. जिना पुसणाऱ्या बाईला अडवून "जरा माझ्या तोंडात बघा, जीभ कुठे टेकतेय?" असं विचारणारा माणूस अख्ख्या जर्मनीत एकच असेल, आणि तो झिंडेलफिंगेनला आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. मी त्यांना मराठीतच आजोबा म्हणते. त्यांना वाटतं, ही काहीतरी पदवी आहे.

आजोबा इथल्याच गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. तरुणपणी पापुआच्या डोंगरातल्या एका दवाखान्याचा जनरेटर सांभाळायला दोन वर्षं गेले आणि येताना तिथल्या खेड्याची भाषा टेपवर भरून घेऊन आले. ती बोलणारी माणसं आमच्या गल्लीत मावतील एवढीच. चाळीस वर्षं आजोबा ती भाषा इंजिनासारखी सुटी करताहेत. घरात स्क्रू ठेवायचं कपाट आहे, अकरा कप्प्यांचं. एकेका व्यंजनाला एकेक कप्पा, आत शब्दांच्या चिठ्ठ्या. "अकरा व्यंजनांवर पूर्ण भाषा चालते!" हे मला दर पंधरवड्याला ऐकावं लागतं. "आम्ही जर्मन लोक सुटे भाग फार वापरतो." मराठीत किती, असं त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा मी क, ख, ग, घ पासून म्हणून दाखवलं. ळ येईपर्यंत ते खुर्ची ओढून खाली बसले होते. "आणि हे सगळे चालू स्थितीत आहेत?"

नियमांचे मात्र पक्के. इथे इमारतीत दुपारी एक ते तीन आणि रविवारी दिवसभर आवाज करायचा नाही, म्हणून दुपारी नुसते ओठ हलवून सराव. रविवारी प सारखे फटकन वाजणारे आवाज बंद, फक्त म आणि न. माझ्या मुलीनं एकदा त्यांना बसस्टॉपवर ओठ हलवताना पाहिलं आणि घरी येऊन जर्मनमध्ये जाहीर केलं, की खालचे आजोबा मासा झालेत.

तर त्या शनिवारी मी बादली घेऊन खाली पोचले आणि आजोबा दारातच उभे. "बरं झालं आलात. सोमवारी पुस्तक छापायला जातंय." त्या खेड्यातल्या शाळेनं मुलांसाठी अक्षरांचं पुस्तक मागितलं होतं. आजोबांचे कान आता दगा देतात, म्हणून शेवटची तपासणी माझ्या कानांनी. "लवकर लावा," मी म्हटलं, "पाणी गार होतंय."

टेपवर त्यांना भाषा शिकवणारी बाई होती. ती एक शब्द म्हणायची, तरुण आजोबा तो परत म्हणायचे, आणि ती खळखळून हसायची. पुन्हा सांगायची, पुन्हा हसायची.

"फार हसरी होती," आजोबा म्हणाले. "जाऊनही आता बरीच वर्षं झाली."

मी फडका पिळता पिळता थांबले. "आजोबा, ती आधी त म्हणतेय, मग ट. तुम्ही दोन्हीला तेच काहीतरी मधलं म्हणताय."

"एकच आहे. सातवा कप्पा."

"दोन आहेत. आमच्याकडे बालवाडीतल्या पोरालाही कळेल."

त्यांनी टेप पाच वेळा लावली. कानातलं यंत्र काढून पुसलं, परत घातलं. मला गप्प बसता आलं असतं. पुस्तक वेळेवर गेलं असतं. पण मग त्या पोरांनी आपल्याच तोंडातला एक आवाज पुस्तकात शोधत बसायचं?

"म्हणजे ती आनंदानं हसत नव्हती," आजोबा म्हणाले.

"तुम्हाला हसत होती."

"गेनाऊ. अगदी बरोबर." त्यांनी टेप बंद केली. "चाळीस वर्षं मला वाटत होतं, मी तिला आवडायचो."

मी बादली उचलली. "नावडत्या माणसाला कोणी इतक्यांदा परत सांगत नाही," एवढं म्हटलं आणि उरलेल्या पायऱ्या पुसून टाकल्या. पाणी गार झालंच होतं.

रविवारी सकाळी मी धण्यांचा स्टीलचा डबा रिकामा करून धुतला, त्यावर कागद चिकटवून मोठा ट काढला आणि खाली गेले. आजोबांनी सातवा कप्पा टेबलावर उपडा केला होता. छापखान्याला थांबायचं पत्रही लिहून तयार होतं. रविवार असूनही मी टेपचा आवाज पूर्ण वाढवला, आणि आम्ही चिठ्ठ्या निवडायला बसलो.