देवरेचा टॅब

हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हाच किस्सा ऐकताना आमच्या शेजाऱ्यांनी अर्धा चहा स्वतःच्या शर्टावर घेतला. आणि दोष कोणाला? मला! तसा तो सगळा माझाच आहे म्हणा.

आमच्या नाशिकच्या कॉलेजात मी बीजगणित शिकवतो. निकम सर म्हणतात मला. खडू, फळा आणि खणखणीत आवाज, एवढ्यावर उभी हयात निघाली. आणि देवरे म्हणजे आमच्याच विभागातला तरुण प्राध्यापक. सटाण्याकडचा. एकेकाळी माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. मीच त्याला एक्स आणि वाय शिकवले. आणि आता? आता पोरं त्याच्या तासाला खिडकीत उभी राहतात, आणि माझ्या तासाला खिडकीतून बाहेर बघतात!

जळायचो मी. उगाच आडपडदा कशाला? त्याच्या दाट केसांवर जळायचो, त्याला चष्मा नाही म्हणून जळायचो. घरी बायको म्हणायची, "अहो, तुमचाच विद्यार्थी ना? आनंद व्हायला पाहिजे तुम्हाला."

"होतो की," मी म्हणायचो. "जेवण झाल्यावर छातीत होतो. मग सोडा घ्यावा लागतो."

त्यात कॉलेजात नवी स्मार्ट रूम झाली. एसी, भिंतभर पडदा, गुबगुबीत खुर्ची. माझी वर्गखोली कुठे, तर पार्किंगला चिकटून. वर्गमूळ काढायला घ्यावं की बाहेर कुणीतरी बुलेटला किक मारलीच! त्यामुळे ती स्मार्ट रूम मला हवी होती. प्राचार्यांनी जाहीर केलं की तंत्रज्ञान वापरून बीजगणित कसं शिकवायचं याची एक दिवसाची कार्यशाळा होईल, आणि त्यातून जो निवडला जाईल तो त्या रूमचा प्रमुख. आमच्या आणि बाहेरगावच्या बाकीच्या मास्तरांना पुढे त्यानेच शिकवायचं.

मी ठरवलं. देवरेला केस आहेत, राहू देत. रूम माझी.

कार्यशाळेच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी हजर. चांदवड, नांदगाव, देवळाली कॅम्प, सगळीकडचे गणितवाले येणार होते. टेबलांवर नावाच्या चिठ्ठ्या आणि प्रत्येकापुढे एक टॅब. माझी जागा नेमकी देवरेच्या शेजारी. आणि बघतो तर काय! त्याच्यापुढे नवाकोरा, चकचकीत टॅब. माझ्यापुढे कोपऱ्यात तडा गेलेला!

तुम्हीच सांगा, ज्येष्ठ कोण? गुरू कोण? मग फुटका टॅब कोणाला?

इकडेतिकडे पाहिलं आणि दोन्ही टॅब गुपचूप बदलून टाकले. त्यात काय एवढं? पाटी म्हणजे पाटी. आमच्या लहानपणी शेजारच्याची पाटी ओढली तर फार तर एक धपाटा मिळायचा.

देवरे आला. वाकून नमस्कार केला. (हा आणखी एक राग. नमस्कार करणाऱ्यावर धड चिडताही येत नाही.) फुटक्या टॅबकडे पाहून हसला आणि बसला. तक्रार नाही, काही नाही.

शिकवायला शेख मॅडम होत्या. हसतमुख, पण नजर परीक्षकाची. त्या म्हणाल्या, "प्रश्न तुमच्या टॅबवर येईल. उत्तर बरोबर आलं की समोर भिंतीवर तुमच्या नावापुढे तारा दिसेल. चुकलं तर लाल फुली. नाव टॅबवर वरच्या कोपऱ्यात आहे, एकदा बघून घ्या."

वरचा कोपरा मला अंधुक दिसत होता. चष्मा खिशात होता. पण देवरेशेजारी बसून चष्मा लावायचा? छे! खालचा प्रश्न ठळक होता, तेवढं पुरे. माझं नाव मला पाठ आहे.

पहिला प्रश्न सोपा. उणे दोन एक्स हे सहापेक्षा मोठं, तर एक्स किती? ऋण संख्येने भागलं की मधलं चिन्ह उलटं होतं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत. मी झटकन लिहिलं, उणे तीनपेक्षा लहान. पाठवलं. शेजारी पाहिलं, तर देवरे तडा गेलेल्या काचेवर बोट घासत बसलेला.

आणि तिथे माझ्यातला राक्षस जागा झाला.

"देवरे सर," मी प्रेमाने वाकलो, "या सॉफ्टवेअरला ते चिन्ह उलटं केलेलं चालत नाही बरं का. आहे तसंच ठेवा."

"हो का सर?" तो जरा थांबला. मग म्हणाला, "ठीक आहे सर," आणि लिहून मोकळा!

मी खूश. मान वर करून भिंतीकडे पाहिलं. देवरेपुढे तारा. निकमपुढे फुली.

अं?

म्हटलं, मशीन नवीन आहे, गडबडलं असेल. दुसरा प्रश्न आला. आलेख वर सरकवायचा होता. मी बरोबर सरकवला आणि देवरेला कानात सांगितलं, "खाली घ्या, खाली. इथे सगळं उलटं असतं."

देवरेला तारा. मला फुली!

मग मात्र माझा तिळपापड झाला. मी पेटलो. असा सोडवायला लागलो, असा सोडवायला लागलो, की पीएचडीलाही एवढा घाम गाळला नव्हता. आणि एकीकडे देवरेला चुकीचं सांगणं चालूच. एकही प्रश्न वाया घालवला नाही. जितकं मी बरोबर लिहावं, तितके देवरेचे तारे वाढावेत. जितकं त्याला फसवावं, तितक्या माझ्या फुल्या! भिंतीवर देवरेची दिवाळी आणि माझं स्मशान.

चांदवडचे गांगुर्डे सर मागून म्हणाले, "निकम सर, आज काय व्हऊन राह्यलं तुमचं? देवरे सर बघा, लय भारी!"

ते "लय भारी" मला जिव्हारी लागलं. तेवढ्यात समारोपासाठी प्राचार्य आत आले. भिंतीकडे बघून म्हणाले, "वा देवरे! निवड झालीच म्हणायची."

आता गप्प बसला तो निकम कसला? उठलो ताडकन!

"मॅडम, हे यंत्र खोटं आहे! पक्षपाती आहे! तरुण चेहरा बघून तारे देतं!"

शेख मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, त्याला चेहरा दिसत नाही. कशावरून म्हणता खोटं?"

"कशावरून? अहो, पुरावा आहे माझ्याकडे! देवरेची सगळी उत्तरं चुकीची आहेत. मला पक्कं माहीत आहे. कारण ती मीच त्याला चुकीची सांगितली आहेत!"

झालं.

खरं सांगतो, वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मलाच ते कुणी दुसऱ्याने म्हटल्यासारखं वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गांगुर्डे सरांचा वासलेला आ मिटेना. देवरे मात्र खाली मान घालून बसला होता.

मॅडम जवळ आल्या. माझ्यापुढचा टॅब उचलून त्यांनी वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"सर, चष्मा आहे का?"

लावला. काय करता? कोपऱ्यात स्वच्छ लिहिलेलं होतं, देवरे. आणि तडा गेलेल्या टॅबवर? निकम!

म्हणजे दिवसभर माझी सगळी बरोबर उत्तरं देवरेच्या खात्यावर, आणि मी त्याला सांगितलेली सगळी चुकीची उत्तरं माझ्या खात्यावर! टॅब मीच बदलले, हेही मग सगळ्यांसमोर सांगावं लागलं.

मी देवरेकडे वळलो. "अरे, तू गणिताचा माणूस! चुकीचं आहे हे कळत नव्हतं? टॅबवरचं माझं नावही दिसलं नाही?"

"कळत होतं, दिसतही होतं सर," तो हळूच म्हणाला. "पण तुम्ही इतक्या आपुलकीने सांगत होता. म्हटलं, सरांचं मन कशाला मोडायचं?"

सांगा आता, अशा माणसावर जळायचं तरी कसं? तरी मी जळलोच. पण रूम अजून हातची गेली नव्हती. मी प्राचार्यांकडे वळून म्हणालो, "सर, मग हिशेब सरळ आहे. हे सगळे तारे माझे आहेत!"

प्राचार्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम गोड हसल्या.

"तारे तुमचेच, निकम सर. शंकाच नाही. पण आम्हाला दुसऱ्यांना शिकवणारा माणूस हवा आहे. आज दिवसभरात तुम्ही एकाच माणसाला शिकवलंत. त्याचा निकाल भिंतीवर आहे, तुमच्याच नावापुढे."

रूम देवरेला मिळाली. गुबगुबीत खुर्चीसकट.

आता शनिवारी तो आम्हा मास्तरांचा वर्ग घेतो. मी पहिल्या बाकावर बसतो, चष्मा लावून. परवा शेजारी गांगुर्डे सर कुठेतरी अडले, म्हणून मी जरासा त्यांच्याकडे वाकलो. एवढंच हो, नुसता वाकलो. तर पडद्याजवळून देवरेचा नम्र आवाज आला, "निकम सर, तुम्ही बसा. त्यांना मी सांगतो!"