खोबरेल आणि रंगीत पडदा

लोधिवलीच्या माझ्या घरमालकांना जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध ठाऊक होतं, ते म्हणजे खोबरेल. उभा जन्म भाताची गिरण चालवण्यात गेलेला; तेल-पाणी केल्याशिवाय लोखंड ऐकत नाय, यावर त्यांची श्रद्धा. सायकल झाली, कडी-कोयंडा झाला, छत्रीच्या काड्या झाल्या. एकदा माझं अडकणारं मनगटी घड्याळही त्यांनी तेलात बुडवून परत दिलं. ते पुन्हा चाललं नाही. "आता गंजणार तरी नाय," ते म्हणाले. सातवीतच शाळा सुटून बीडकडून रसायनीच्या कारखान्यात पोती उचलायला आलेल्या मला त्यांनी गिरणीमागची खोली दिली होती, वर दोन वेळची भाकरी. घड्याळाचं काय घेऊन बसायचं?

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा त्यांनी मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसानं मोडीत काढलेला कॉम्प्युटर आणला. गिरणीला लागून क्लास काढायचा आणि पहिला विद्यार्थी मी. कॉम्प्युटर येणाऱ्याला कारखान्यात पोत्यांवरून उचलून स्टोअरच्या टेबलाशी बसवणार होते. हे मीच त्यांना भीत भीत सांगितलं होतं. मशीन चालत होतं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची. पण दसऱ्याला क्लास उघडायचा तर रंगीतच पाहिजे, म्हणून त्यांनी भाच्याकडून रंगीत पडदा आणि तो चालवायला मशीनच्या पोटात बसवायचं कार्ड मागवलं.

"काका, हिरवं दिसतंय तेवढं बास झालं की," मी काकुळतीला आलो.

"हिरवं बघाया कोण येतंय रं? भात काय कमी हाय बाहेर?"

जुनं कार्ड उपसलं. नवं खाचेत जाईना. त्यांचा हात बाटलीकडे गेला.

"काका, विजेची वस्तू हाये ती."

"आन गिरणीची मोटार काय बैल वढतात?"

कार्डाच्या सोनेरी दातांवरून तेलाचं बोट फिरलं, खाचेतही धार सुटली. कार्ड लोण्यात गेल्यासारखं बसलं. बटन दाबलं. मशीनमधून एक लांब शिट्टी, दोन आखूड. पडदा काळाच. जुनं कार्ड परत लावेपर्यंत तेलावर गिरणीचा कोंडा चिकटला होता. त्यानंही तेच गाणं म्हटलं. मुंबईहून आलेला मेकॅनिक नुसता वास घेऊन परत गेला. दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार चढला आणि खोलीला कुलूप लागलं. पोती माझ्या पाठीवरच राहिली.

पुढच्या रविवारी त्यांनीच कुलूप काढलं आणि मला त्या काळ्या पडद्यासमोर बसवलं. "बटनं तर हायत ना? शीक."

मग दर रविवारी मी एकेक अक्षर शोधत माझं नाव लिहायचो. ते धोतरानं चष्मा पुसून पडद्यावर वाकायचे, बराच वेळ निरखायचे आणि म्हणायचे, "बरोबर हाय."