दोन जोड्या टायर आणि निलेशचं मत

मीनलचा फोन आला तेव्हा मी पोहे परतत होते. "ताई, निलेश गेला," एवढंच ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "कुठल्या वळणावर?" ती अगदी सावकाश म्हणाली, "वळण नाही हो ताई. खाली भाजी आणायला गेलेला."

निलेश माझा धाकटा दीर, मीनल त्याची बायको. मोटारसायकलच्या हौशी शर्यतींत उतरणारा माणूस कल्याणला स्वतःच्याच इमारतीखाली, मेथीची जुडी हातात धरून, हृदय बंद पडून जातो, हे दोन महिने होत आले तरी माझ्या डोक्यात नीट बसलेलं नाही. भेटायला येणारेही हळूच विचारतात, "गाडीवर का?" आणि मी नाही म्हटलं की गडबडतात, जणू माझंच उत्तर चुकलंय. त्यांना काय बोलू? इतकी वर्षं मीही भलत्याच गोष्टीला घाबरत आले. तो गाडी घेऊन गेला की देवापाशी दिवा लावायचे. भाजीला गेल्यावर कोण दिवा लावतं?

मी लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा निलेश शाळेत होता, दोन्ही गुडघे कायम सोललेले. त्यामुळे त्याला भावजी म्हणणं मला कधी जमलंच नाही, अरे-तुरेच राहिलं. पुढे तो ठाण्याला विमा कंपनीत लागला. "जगाला विमा विकतोस आणि स्वतः गुडघा जमिनीला घासत गाडी वाकवतोस," असं मी चिडवलं की म्हणायचा, "वहिनी, म्हणूनच तर विकता येतो." वर्षातून दोनतीनदा मित्र मिळून गाड्या टेम्पोत बांधायचे आणि दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर जायचे. बहुतेक वेळा नुसता सराव, कधी हौशी शर्यत. नंबर मधलाच यायचा. शेवटून मोजला तरी मधलाच.

आणि या सगळ्यात माझं काम काय, तर टायर सांभाळायचे. कल्याणच्या घरात जागा नाही, शिवाय गॅलरीत ऊन येतं आणि उन्हाने रबर मरतं, म्हणून टायर आमच्याकडे, आतल्या खोलीत दारामागे, माझ्या जुन्या सुती साड्यांत गुंडाळून. दोन जोड्या होत्या. एकीला मी चिकट जोडी म्हणायचे, दुसरीला टिकाऊ. चिकट टायर मऊ रबराचे, लवकर तापतात, वळणावर रस्ता सोडत नाहीत, पण दोन दिवस ट्रॅकवर पळाले की कडा सोलवटून मोकळे. टिकाऊ टायर कडक, हंगामभर पुरतात, पण तापायला वेळ घेतात, आणि तापेपर्यंत पहिल्या वळणांवर त्यांचा भरवसा नाही. ट्रॅकवर फेरीआधी टायरना विजेची गरम पांघरुणं घालतात म्हणे. पोटच्या पोराला कुणी इतकं जपत नसेल.

तो आला की आधी दारामागे जायचा. साडी बाजूला सारून रबरात अंगठ्याचं नख रोवायचा, मग स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून विचारायचा, "वहिनी, तुमचं मत?" माझं मत कायम ठरलेलं, "चिकटतं ते घे बाबा, पडू नकोस." की लागलाच हा टिकाऊ जोडीची वकिली करायला. तिसऱ्या फेरीनंतर खरा फरक कळतो, मऊ टायर शेवटी शेवटी दगा देतात, चांगल्या टायरपेक्षा ओळखीचा टायर बरा... माझी पोळी करपायची, याचं संपायचं नाही. त्यामुळे निलेश टिकाऊ पक्षाचा, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

तो गेला तेव्हा त्याची गाडी पार्किंगमध्ये दोन स्टँडवर उभी होती, टायरशिवाय, नुसत्या रिंगांवर. जुने काढले होते आणि नवे कुठले लावायचे हे ठरायचं होतं. त्याच्या मित्रांमध्ये एक रीत आहे. आपल्यातला कुणी गेला तर पुढच्या वेळी त्याची गाडी ट्रॅकवर एक फेरी न्यायची, बाकीच्यांनी मागून सावकाश यायचं, कुणी पुढे काढायची नाही. ती फेरी ठरवायला केदार आणि इम्रान आमच्याकडे आले. केदार ठाण्याचा, गाडी तो चालवणार होता. इम्रानचं शहाडला टायरचं दुकान, लावून देणार तो. मीनलही आली होती. माझे यजमान खुर्चीत मान खाली घालून बसले होते. धाकटा भाऊ गेल्यापासून ते फारसे बोलत नाहीत.

मी म्हटलं, "टिकाऊ जोडी लावा. त्याला तीच आवडायची."

"काय बोलताय वहिनी," केदार म्हणाला, "माझं त्याच्याशी याच्यावरून किती वेळा वाजलंय! मी टिकाऊवाला, तो पक्का चिकटवाला."

इम्रानने चहाचा कप खाली ठेवला. "अरे नाही रे भाई. मी स्वतः त्याला बोललेलो, मऊ घे, मस्त पकड आहे. तासभर माझं डोकं खाल्लं त्याने. बोलला, कडकच घेणार."

मग केदार आणि इम्रानचीच जुंपली, हा म्हणे माझ्याशी खोटं कशाला बोलेल, तो म्हणे मग माझ्याशी का बोलेल. मीनल मधेच म्हणाली, "तुम्ही तिघांनी त्याला आधी स्वतःचं मत सांगितलेलं ना?"

सांगितलं होतं. तिघांनीही. आणि तिघांसमोर त्याने उलटी बाजू लढवली होती.

मला एकदम माझी स्कूटर आठवली. पन्नाशीला आल्यावर मी स्कूटर शिकायचं काढलं तेव्हा घरात सगळ्यात मोठा विरोध याचा. डोंबिवलीचे रस्ते, स्टेशनची गर्दी, रिक्षावाले, माझा चष्मा, काही सोडलं नाही. वैतागून मी म्हटलं, जाऊ दे, नाही शिकत. तर त्याच पाटावर बसून, तेच जेवण जेवता जेवता, स्कूटर शिकणं कसं गरजेचं आहे ते सांगायला लागला! मी हातातली पळी उगारली होती. शेवटी शिकले. पण त्याला मनातून काय वाटत होतं? मी शिकावं, की शिकू नये? हे मी त्याला कधी विचारलंच नाही, आणि आता कुणाला विचारू... माणूस तीस वर्षं घरात वावरला, ताटात काय आवडतं काय नाही ते पाठ आहे, आणि त्याचं एक मत मला छातीठोकपणे सांगता येऊ नये? राग येतो. त्याचाही येतो, स्वतःचाही.

मीनल उठून आत गेली, मी मागोमाग. टायरच्या शेजारी जमिनीवरच बसली. "ताई, एक विचारू? आमच्या लग्नाला आई नको म्हणत होत्या." म्हणत होत्याच. मीनल त्याच्यापेक्षा वयाने मोठी, सासूबाईंना ते पटेना. "त्या नको म्हणाल्या म्हणून तर तो माझ्या बाजूने उभा राहिला नसेल ना? त्या हो म्हणाल्या असत्या तर..."

तिला ते पुरतं बोलताही आलं नाही. गेले काही आठवडे ती नीट रडलीही नव्हती, ती आता पदर तोंडात कोंबून रडायला लागली. खोटी समजूत घालायला जीभ वळेना, आणि खरं काय ते... मग ओट्यापाशी उभा असलेला तो मला दिसला, तेव्हाचा, कोवळ्या मिशीचा.

"मीनल, ऐक. सासूबाईंच्या आधी त्याने मला सांगितलं होतं. तुझा फोटो दाखवला. मी म्हटलं, छान आहे मुलगी, करून टाक. म्हटलं आता हा सुरू होईल, वय, नोकरी, स्वभाव, सगळं काढेल. मी पोळपाट बाजूला ठेवून वाट बघत राहिले."

"मग?"

"काही नाही. म्हणाला, हो ना? आणि ताक मागितलं. पुढे सासूबाई इतकं बोलल्या, तर एका शब्दाने वाद घातला नाही. म्हणाला, आई, तारीख तू काढ, मुलगी ठरलीय. तुझ्या बाबतीत त्याने दुसरी बाजू घेतलीच नाही गं."

तिने डोळे पुसले, दोन्ही जोड्यांवरच्या साड्या काढल्या, नख नाही, काही नाही, नुसता तळवा ठेवला आणि चिकट जोडी ओढून घेतली. बाहेर हाक मारली, "इम्रानभाई, हे न्या."

आणि मी, जन्मभर त्याला चिकट टायर घे म्हणून ओरडणारी मी, काय बोलले असेन? "अगं पण ते दोन दिवसांत सोलवटतात. टिकाऊ बघ, चांगल्या टायरपेक्षा ओळखीचा टायर बरा..."

दारात आलेला इम्रान थबकला. बाहेरून यजमानांनी विचारलं, "कोण बोललं?" मीनल माझ्याकडे बघून हसली, कितीतरी दिवसांनी.

चिकट जोडी गेली. फेरी झाली, मागून सगळे सावकाश आले, कुणी पुढे काढली नाही, असं केदारने फोनवर सांगितलं. टिकाऊ जोडी अजून दारामागे आहे, माझ्या निळ्या साडीत. केर काढताना मी वाकून नख रोवून बघते. रबर कडक आहे, फारसं रुतत नाही. शेजारच्या मुलाने गाडी घेतलीय, तो परवा येऊन विचारत होता, काकू, टायर कुठले चांगले हो? मी ओट्याला टेकले आणि म्हटलं, आधी तुझं मत सांग.