दिफ्थेरावाले चाचा

आमच्या शेजारच्या चाचांइतका लोकांचा वेळ अख्ख्या मराठवाड्यात कुणी खाल्ला नसेल, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. निजामाच्या कचेरीत उर्दू कारकून म्हणून ते कोवळ्या वयात चिकटले, पोलीस ॲक्शननंतर मराठी मुळाक्षरं गिरवून तिथंच टिकले आणि निवृत्त होऊन शहागंजात भेटेल त्याला एकच गोष्ट सांगू लागले. भाजीवालीनं नुसतं पिशवी पुढं करा म्हटलं, तरी हे सुरू: युनानात, म्हणजे ग्रीसात, कातड्याला दिफ्थेरा म्हणत, त्यावर लिहू लागले, इराणात त्याचंच दफ्तर झालं, मग दफ्तर म्हणजे वही, मग वह्यांची कचेरी, आणि आपल्याकडं येऊन ते शाळेच्या पोरांच्या पाठीवर चढलं. तोवर भाजीवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाला कोथिंबीर बांधून देत असे. एका लग्नात त्यांनी नवरदेवालाच गाठलं, काझी ताटकळत राहिले. कापडी पिशवीला कुणी दप्तर म्हटलं की त्यांना खोटी साक्ष ऐकल्यासारखं होई.

कातडं कमावणाऱ्यांची वस्ती उठवायची नोटीस निघाली, तेव्हा मी तीन पत्रकं छापून कचेरीला झोडपलं होतं. वस्तीच्या जुन्या कागदावर ‘निजामी नोंदवही, पान सात’ असं होतं. कचेरीतल्या त्या वहीच्या सातव्या पानावर मात्र कुणाची तरी चिंचेची बाग निघाली. कागद बनावट, घरं पाडा, असं कचेरीचे साहेब म्हणाले. वही उर्दूत, म्हणून मी चाचांना घेऊन गेले आणि वाटेत दहादा बजावलं, आज दिफ्थेरा नाही.

आत शिरताच चाचा म्हणाले, "साहेब, या वहीचा पुठ्ठा बघा, असली कातडं आहे." मी कपाळाला हात लावला. त्यांनी पुठ्ठा दाखवायला वही उलटी केली, उर्दूच्या सवयीनं उजवीकडून उघडली, थुंकी लावून सात पानं मोजली आणि इराणपर्यंत पोचायच्या आत गप्प झाले. तिथं वस्ती होती, घराघरासकट. मूळ आकड्यांचे कोपरे वाळवीनं खाल्लेले, आणि पेन्सिलीचे नवे मराठी आकडे डावीकडून टाकलेले. उर्दू वहीचं शेवटचं पान पहिलं झालं होतं.

असा गाढवपणा कोणत्या महाभागानं केला, असं मी साहेबांवर कडाडले. चाचा हळूच म्हणाले, "आकडे माझे आहेत, बेटी. ॲक्शननंतर आलेले नवे साहेब म्हणाले, आता सगळं डावीकडून. नोकरी टिकवायची होती."

चाचांनी तिथंच चूक लिहून दिली, खाली सही केली, आणि वस्ती वाचली. वस्तीनं त्यांना चामड्याची पिशवी शिवून दिली. ती घेऊन ते बाजारात येतात, भाजी घेतात, मुकाट निघतात. परवा मीच भाजीवालीसमोर विचारलं, चाचा, तो युनानातला शब्द कोणता हो? "लई जुनी गोष्ट आहे ती," ते म्हणाले आणि पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा करत राहिले. भाजीवाली कोथिंबीर हातात धरून थांबली होती.