पट्टीच्या आत उभे राहा

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, फोटोग्राफीतले उस्ताद आहेत. हे मत त्यांचं स्वतःचं, आणि दुसऱ्या कुणाचं मत विचारायची त्यांच्याकडे पद्धत नाही. त्यांचा स्टुडिओ म्हणजे एक बोळकांडीसारखी खोली. मागच्या भिंतीला टेकवलेला स्टँड, त्यावर कॅमेरा, आणि समोर फरशीवर चिकटवलेल्या दोन पांढऱ्या पट्ट्या. पट्ट्यांच्या मध्ये उभा राहील तो फोटोत येणार. कॅमेऱ्याला डोळा लावणं हे शिकाऊ लोकांचं काम. भाऊजी बाजूला उभे राहून लोकांना हसवतात आणि वायरचं बटण दाबतात.

जुन्या कॅमेऱ्याने मान टाकली, तेव्हा त्यांनी दुसरा घेतला. लेन्स जुनीच लावली. दुकानदार बिचारा सांगत होता, "साहेब, याचा सेन्सर लहान आहे. लेन्स आत चित्र तेवढंच पाडणार, पण हा त्यातला मधलाच भाग घेणार. कडेचं जाईल. मागे सरावं लागेल."

"लेन्स तीच ना? मग मला शिकवू नका," भाऊजी म्हणाले. मागे सरायला भिंत फोडावी लागली असती, ही गोष्ट वेगळी. फरशीवरच्या पट्ट्याही होत्या तिथेच राहिल्या.

अशा जय्यत तयारीनिशी घरातल्या सगळ्यांचा फोटो ठरला. कारण एकच, त्यांचे थोरले भाऊ. दादा दवाखान्यात पडून होते, तेव्हा भाऊजींना कामातून सवड मिळाली नव्हती. तेव्हापासून दादांनी बोलणं टाकलं होतं. ताईने नाकदुऱ्या काढून त्यांना फोटोपुरतं आणलं. त्यांना दारात बघून मला रडूच आलं.

दादा कडेला, अगदी पट्टीला धरून उभे राहिले. भाऊजींनी एक शिळा विनोद केला, आम्ही सवयीने हसलो, आणि बटण दाबलं गेलं.

स्क्रीनवर आम्ही सगळे होतो. दादांचं फक्त कोपर होतं.

दादांनी चष्मा लावून ते कोपर नीट पाहिलं. "छान आलंय," म्हणाले आणि चपला घालू लागले.

"लेन्स बिघडली असेल," भाऊजी म्हणाले.

ताई भडकली. "लेन्सला काय धाड भरलीय? दुकानदार घसा कोरडा करून सांगत होता ना!"

"राहू दे गं," दादा म्हणाले. "त्याला मी नको होतो फोटोत. विषय संपला."

भाऊजींचा चेहरा उतरला. आता एक तर भाऊ जाणार होता, नाहीतर शहाणपण. आणि शहाणपणावर त्यांचा फार जीव.

"तसं नाही रे, दादा," शेवटी ते म्हणाले. "मी बघितलंच नाही."

दादा थांबले. "तेव्हाही नाही बघितलंस," ते हळूच म्हणाले. "मी रोज दाराकडे डोळे लावून बसायचो."

यावर विनोद करायची भाऊजींची छाती झाली नाही. त्यांनी वाकून कॅमेऱ्याला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. खांदे तेवढे हलत होते. दादांनी पायातल्या चपला काढल्या.