रक्ताला विचारणारे मामा

साऱ्या मस्कतात माणसाच्या बोलण्यावर काडीचाही विश्वास न ठेवणारा आणि त्याच्या नखांवर मात्र डोळे मिटून विश्वास टाकणारा एकच गृहस्थ राहत होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होते. कारखान्यांतल्या, गॅरेजांतल्या माणसांचं रक्त, लघवी, केस, नखं तपासायची, ती माणसं ज्या धुरात आणि धुळीत दिवस काढतात त्यातलं अंगात काय आणि किती उतरलंय ते बघायचं, आणि पुढे काय बिघडणार ते बिघडायच्या आधी सांगायचं, हे त्यांचं काम. पण काम दवाखान्यात ठेवून घरी येतील ते मामा कसले! कुणी हात पुढे केला की ते तो उलटा करून नखं बघत. मदिनत सुलतान काबूस या श्रीमंत वस्तीत एका बड्या साहेबांच्या घरी आम्ही गणपतीला गेलो होतो. साहेबांनी हात मिळवला, तो मामांनी सोडलाच नाही. वर विचारलं, "नखं कापता ती टाकता कुठे?" साहेबांच्या आईंनी तिथल्या तिथे मुलाची दृष्ट काढली आणि आम्हाला प्रसाद दारातच मिळाला. परतताना मी चिडलो, तर म्हणाले, "जावईबापू, माणसाला 'कसे आहात' विचारलं की तो 'मजेत' म्हणतो. सवयच असते ती. त्याच्या रक्ताला विचारा, ते उगाच 'मजेत' म्हणत नाही."

यावर हसावं, तर पुढे मामांचंच खरं ठरायचं. सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, रत्नागिरीकडचे एक चाचा ऊद-लोबान विकत. दुकानात दिवसभर धुपाटणं पेटलेलं असे. मामा लोबान आणायला गेले आणि लघवीची बाटली ठेवून आले. चाचा आधी भडकले, पण माणूस कोकणातला म्हणून बाटली भरून दिली. चार दिवसांनी मामांनी निकाल सांगितला, "धूर दुकानात कमी आणि तुमच्या अंगात जास्त राहतोय. धुपाटणं बाहेर ठेवा."

"बाहेर ठेवलं तर गिऱ्हाईक आत कशाला येईल, मामू?"

मग मामा आठवडाभर संध्याकाळी दुकानाच्या दारात उभे राहून पुठ्ठ्याने तो धूर रस्त्याकडे ढकलत होते. गिऱ्हाईक वाढलंच. तीन महिन्यांनी दुसऱ्या बाटलीतला आकडा उतरला, आणि चाचांचा सकाळचा खोकलाही गेला. त्या खोकल्याबद्दल चाचा आजवर कुणापाशी अवाक्षर बोलले नव्हते. ते ऐकलं तेव्हा मला मामांची पहिल्यांदा भीती वाटली, देवळात गाभाऱ्यापाशी वाटते तशी.

स्वतःलाही त्यांनी सूट दिली नव्हती. दर महिन्याच्या एक तारखेला ते स्वतःचं रक्त तपासत आणि आकडे एका वहीत लिहीत. शेजारी महिनाभर कुठे गेलो, काय खाल्लं, सगळं. आम्ही वादी अदाईला बिऱ्हाड मांडलं तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराची झडती घेतली आणि आमचा नवाकोरा नॉनस्टिक तवा कचऱ्यात टाकला. "हे खरवडून पोटात जातं." पुढच्या सुट्टीत गावाहून एक पितळी पातेलं घेऊन आले. मुद्दाम कल्हई करवून, विमानात मांडीवर धरून. त्यानंतर दर शुक्रवारी ते आमच्याकडे जेवत आणि त्या पातेल्यातलं आमसुलाचं सार तीन-तीन वाट्या पीत. आमची रोजची आमटीही त्यातच होई. वहीत नोंद व्हायची, "भाचीकडे. सार, तीन वाट्या. उत्तम."

मी गॅरेजात रेडिएटर दुरुस्त करतो. सांधे डाखायला शिसं लागतं, म्हणून दरवर्षी आमची तपासणी होते. त्या वर्षी माझ्या रक्तातल्या शिशाचा आकडा असा काही वर गेला की खुद्द मामांनाच माझ्या रिपोर्टवर लिहावं लागलं, गॅरेजच्या कामामुळे शिसं वाढलंय, याला कामावरून उठवा. गॅरेजचा ओमानी मालक, आमचा अर्बाब, म्हणाला, दोन महिन्यांत आकडा उतरला तर ठीक, नाहीतर गावचं तिकीट. माझ्या व्हिसावर सगळं घर, आणि हिला तिसरा महिना. हे कळल्यावर मामांचा चेहरा उतरला. "शिसं बाळापर्यंत पोचतं," एवढंच बोलून त्यांनी हिच्या दंडाला पट्टा बांधला. हिचाही आकडा जवळजवळ माझ्याइतकाच निघाला.

"पोरी, तू गॅरेजात जातेस?"

"मी कशाला जाऊ, मामा? त्या वासाने मला आत्ताही उलटी होईल."

माझ्या कपड्यांवरून घरी येत असेल, असं त्यांना आधी वाटलं. पण माझ्याच टेबलावर काम करणाऱ्या मल्याळी सोबत्याचा आकडा साफ होता. मग मामा आठवडाभर आमच्या घरात पाकिटं भरत होते. काजळ, हळद, कुंकू, नळाचं पाणी, भिंतीचा रंग. कशातच काही निघेना. शुक्रवारी जेवायला बसले, साराची वाटी ओठांपर्यंत नेली आणि तसेच थांबले. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि मागे मागे पानं उलटत गेले. त्यांचा स्वतःचाही आकडा हळूहळू चढत होता, पातेलं आलं त्या महिन्यापासून. इतके दिवस ते रस्त्यावरच्या धुळीला दोष देत होते. "तिघांच्या पोटात जाणारं एवढं एकच आहे," ते म्हणाले. कल्हई खरवडून नेली. कुणीतरी कथलात शिसं मिसळलं होतं आणि आंबट सार-आमटी ते दिवसामागून दिवस ओढून घेत होती. निकाल घेऊन आले आणि आमच्या स्वयंपाकघरात फरशीवरच बसले. "मीच आणलं," म्हणाले. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

पातेलं गुपचूप फेकून दिलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, पातेलं काखेत मारून मामा अर्बाबसमोर उभे राहिले.

"अर्बाब, रिपोर्ट में नंबर सही, वजह गलत. सीसा आपके गॅरेज का नहीं, मेरे बरतन का है. इसका नौकरी मत लो."

अर्बाबने पातेलं वाजवून पाहिलं. "तुम लाया?"

"मैं लाया."

"किसी ने पूछा था तुमको?"

"नहीं."

अर्बाबने स्वतःच्या हाताने मामांना काहवा ओतून दिला. "खलास. नंबर नीचे आने तक ये स्टोअर में बैठेगा. बाद में काम, इन्शाल्ला." मी तिथेच उभा होतो. मामांइतका मोठा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

स्टीलचं पातेलं आलं, महिन्यागणिक आकडे उतरले. मामा शुक्रवारी नाचणी आणि दूध घेऊन यायचे, पण साराला शिवायचे नाहीत. मुलगी झाली. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं, पण दुसऱ्याच्या तपासणीवर मामा कुठले विश्वास ठेवणार? जावळाला रिवाजाप्रमाणे मामाची मांडी लागते; हिला भाऊ नाही, म्हणून मुलगी हिच्या मामांच्याच मांडीवर बसली. पडलेले केस त्यांनी पाकिटात भरले, वर तारीख घातली. "केसांत मागचे महिने लिहिलेले असतात. बघतो." त्यानंतर ते त्यावर कधी बोलले नाहीत, आणि विचारायची आमची छाती झाली नाही. पुढे निवृत्त होऊन ते गावी गेले.

गेल्या सुट्टीत त्यांच्याकडे गेलो होतो. देवघरात देवांच्या मागे ते पाकीट दिसलं. त्याचा डिंक अजून सुटलेला नव्हता.

"मामा, हे तपासलं नाहीत?"

"दोनदा घेऊन बसलो होतो मशीनपुढे," ते म्हणाले. "हात धजावला नाही."

तेवढ्यात आमची सात वर्षांची लेक अंगणातून धावत आली. त्यांची ख्याती तिच्या कानावर होतीच. तिने दोन्ही पंजे पुढे केले. "आजोबा, माझे नेल्स चेक करायचे आहेत?"

मामांनी ते हात हातात घेतले, पण उलटे केले नाहीत. "कशी आहेस?" त्यांनी विचारलं.

"मजेत," ती म्हणाली.

"बरं," मामा म्हणाले. तिचे हात धरून ते बसून राहिले.